रान कोणाचे, वणवा कोणाचा? कुमाऊँची गुरे, चिडाची वने आणि १९२१ चा उन्हाळा

१/
१९२१ चा उन्हाळा. आजच्या उत्तराखंडातील कुमाऊँच्या डोंगररांगांत एकामागून एक वने पेटत होती. ज्या वनक्षेत्राला आगीपासून वाचवण्याचा वनखात्याने चंग बांधला होता, त्यातील सुमारे अडीच लाख एकर रान त्या एका हंगामात जळाले. परंतु जळाले ते बहुतांशी चिडाचे, म्हणजे तिथल्या पाइन वृक्षाचे, रान. बांजाची, म्हणजे हिमालयातील ओकची, विस्तीर्ण वने मात्र सुरक्षित राहिली. असे का घडले?

२/
या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक वनस्पतिशास्त्राचे आणि दुसरे राजकारणाचे. दोन्ही उत्तरे ज्या ठिकाणी एकत्र येतात, तिथे एक गाय उभी आहे. आज स्पेनपासून कॅलिफोर्नियापर्यंत वणवा रोखण्यासाठी शेळ्या-मेंढ्या मुद्दाम रानात सोडल्या जातात आणि तो नवा शोध असल्यासारखे बोलले जाते. आपल्याच देशात मात्र शंभर वर्षांपूर्वी नेमके उलट घडले होते. गुरे रानाबाहेर काढली गेली आणि पुढे काय झाले, त्याची ही हकीकत.

३/
आधी आगीचे गणित समजून घेऊ. वणवा सुरू होतो तो मोठ्या खोडांपासून नव्हे. वाळलेले गवत, पालापाचोळा, काटक्या हे त्याचे पहिले खाद्य. जाड ओंडका वाळायला महिने लागतात, गवताची काडी मात्र काही तासांच्या उन्हातच वाळते. हे बारीक इंधन जमिनीवर जितके दाट आणि सलग, तितकी ज्वाळा उंच आणि वेगवान. ते विरळ झाले, मध्ये मध्ये तुटले, तर आग बुटकी राहते आणि माणसाला झाडाच्या हिरव्या फांदीने झोडपून ती विझवता येते.

४/
हे बारीक इंधन कमी करण्याचे जुने मार्ग तीन : जनावराचे तोंड, माणसाचा विळा आणि योग्य ऋतूत लावलेली लहान आग. जनावरांतही फरक असतो. गाय-म्हैस मुख्यतः गवत खाते. शेळी झुडपांची पाने आणि कोवळ्या डहाळ्या ओरबाडते. मेंढी जमिनीलगतचे खुडून खाते. म्हणून कोणते जनावर, किती आणि कोणत्या महिन्यात, हा प्रश्न ‘चराई चांगली की वाईट’ या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो. डोंगरातल्या माणसांना तो अनुभवाने ठाऊक होता.

५/
आता कुमाऊँच्या डोंगरात जाऊ. तिथल्या मधल्या उंचीवर दोन वृक्षांचे राज्य आहे. बांजाची पाने रुंद, सावली गर्द, त्याखालची जमीन ओलसर. त्याचा पाला गुरांचा चारा, कुजलेली पाने शेताचे खत आणि त्याच्या मुळाशी पाण्याचे झरे, अशी गावकऱ्यांची धारणा. चीड याच्या उलट : उन्हाच्या कोरड्या उतारांवर वाढणारा, राळेने भरलेला, उन्हाळ्यात सुयांसारखी पाने गाळणारा. या वाळलेल्या सुयांना तिथे ‘पिरूल’ म्हणतात. त्यांचा थर म्हणजे पसरून ठेवलेले सरपणच.

६/
इथे एक शंका रास्त आहे. गुरे पिरूल खात नाहीत, मग चराईने चिडाच्या रानातील आग कमी कशी होणार? याचे उत्तर रानात नसून गोठ्यात आहे. पहाडी घरांत गुरांच्या खाली अंथरण्यासाठी बांजाच्या पानांबरोबर पिरूलही वापरले जाई. बायका डोंगरावरून पाचोळ्याचे भारे आणत. शेण-मूत्राने भिजलेले ते अंथरूण कुजून खत होई आणि सोपानशेतीत पडे. गाय पिरूल खात नव्हती, पण तिच्यासाठी ते रानातून उचलले जात होते. गोठा भरला की रानातले इंधन तेवढे कमी.

७/
तिसरा मार्ग आगीचा. पिरूलचा थर जमिनीवर साचला की त्याखालून गवत नीट उगवत नाही. म्हणून गावकरी गवताचे उतार ठरावीक काळी जाळीत. पावसाळ्यात तिथे हिरवा, कोवळा चारा मिळे. मोठ्या चिडाची साल जाड असते, त्यामुळे अशी हलकी आग ते झाड सोसू शकते. दरवर्षी थोडे थोडे जळाल्यामुळे अनेक वर्षांचे इंधन एका जागी साचत नसे. हेतू चाऱ्याचा असला, तरी मोठ्या वणव्याची शक्यता कमी होणे हा त्याचा परिणाम होता.

८/
याचा अर्थ जुने गाव म्हणजे शहाणपणाचा पुतळा, असा घेऊ नये. गावकऱ्यांच्या आगी कधी हाताबाहेर जात. गावाजवळची रोपे गुरांच्या तोंडी पडत. काही उतारांवर अतिचराईने माती उघडी पडे. इंग्रज वनाधिकाऱ्यांच्या तक्रारी सगळ्याच खोट्या नव्हत्या. पण त्या व्यवस्थेचा एक गुण त्यांच्या नजरेतून निसटला : ज्याला त्या रानातून रोज काही मिळत होते, तोच त्या रानातली नको ती आग विझवायला धावत होता. हा दुवा ध्यानात ठेवावा. पुढची सगळी गोष्ट त्याच्या तुटण्याची आहे.

९/
१८६४ साली हिंदुस्थान सरकारचे वनखाते स्थापन झाले. पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन होते. त्या काळच्या युरोपीय वनशास्त्राच्या दृष्टीने चांगले वन म्हणजे मोजलेले, आखलेले, ठरावीक वर्षांनी तोडून पुन्हा वाढवायचे लाकडाचे भांडार. अशा भांडारात आग हा शत्रू आणि गुरे म्हणजे घुसखोर. मध्य प्रांतातील सातपुड्याच्या बोरी वनात कर्नल पिअर्सन यांनी १८६० च्या दशकात जाळरेषा काढून, पहारे ठेवून आग रोखून दाखवली. ते यश हा पुढे देशभर धोरणाचा पाया झाला.

१०/
मग कायदे आले. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्याला सरकारी शिक्का मिळाला. १८७८ च्या वन कायद्याने रानांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी विभागणी केली. राखीव वनात आग लावणे गुन्हा, परवान्याविना गुरे चारणे गुन्हा. शिवाय एक कलम असे, की ज्यांना राखीव वनात काही सवलती आहेत, त्यांनी आग लागल्यास विझवायला मदत करणे बंधनकारक. एका हाताने हक्काची सवलत केली आणि दुसऱ्या हाताने मदतीची सक्ती केली.

११/
मुंबई इलाख्यातही हेच चालले होते. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) वनखात्याने डोंगर-दऱ्यांसह गायराने गिळल्याची आणि शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना चरायला जागा उरली नसल्याची तक्रार मांडली आहे. कोकणात वाद पेटला तो राबावरून. भाताची रोपे लावण्यापूर्वी पालापाचोळा, गवत, शेण, डहाळ्या शेतात पसरून भाजण्याची ही पद्धत. ठाणे-कुलाब्यातील असंतोषाची चौकशी करण्यासाठी सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. म्हणजे कुमाऊँची गोष्ट एकट्या कुमाऊँची नाही.

१२/
विशेष म्हणजे खुद्द वनखात्यातही शंकेचा सूर उमटला होता. ब्रह्मदेशातील सागवनांत वर्षानुवर्षे आग रोखल्यावर सागाखाली झुडपे आणि बांबू इतके दाटले, की सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली. १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ या खात्याच्या वर्तुळातील नियतकालिकात स्लेड या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण जरा जास्तच होत असल्याचे उघडपणे लिहिले. तराईतील सालवनांतही पुढे असाच अनुभव आला. आग आणि गुरे दूर ठेवली, तर हवी ती झाडे वाढतीलच असे नव्हते.

१३/
आता पुन्हा कुमाऊँ. १८१५ मध्ये गुरख्यांकडून हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सुरुवातीची अनेक दशके गावाभोवतीच्या रानावर प्रत्यक्ष अंमल गावाचाच होता. १८९३ मध्ये सरकारने मोजणीत न आलेली सगळी ‘बेनाप’ जमीन संरक्षित वन म्हणून जाहीर केली. त्यात रान होते तशी कुरणे, वाटा, नदीकाठ आणि पडीक माळही होते. ज्या जमिनीला गावकरी पिढ्यानपिढ्या आपल्या गावाच्या सीमेतली समजत होते, ती एका अधिसूचनेने सरकारची झाली.

१४/
एवढी घाई कशासाठी? लाकडासाठी आणि राळेसाठी. चिडाचे लाकूड रासायनिक प्रक्रिया करून रेल्वेच्या स्लीपरांसाठी टिकाऊ करता येऊ लागले. त्याच्या खोडाला खाच पाडून गोळा केलेल्या राळेपासून (तिथे तिला ‘लीसा’ म्हणतात) टर्पेंटाइन आणि रोझिन बनू लागले. पहिल्या महायुद्धाने ही मागणी आणखी वाढवली. ज्या झाडाला गावात चाऱ्याच्या दृष्टीने फारशी किंमत नव्हती, तेच सरकारी तिजोरीचे लाडके झाले. बांजाची गोष्ट याच्या उलट होती.

१५/
१९११ ते १९१७ या काळात कुमाऊँच्या वनांची नवी आखणी होऊन फार मोठे क्षेत्र राखीव झाले. गुरांच्या संख्येवर मर्यादा आल्या, पाला तोडण्यावर नियम आले, रखवालदार आले. एक नियम तर फारच बोलका आहे : राखीव वनापासून एक मैलाच्या आत गवतासाठी आग लावण्यास मनाई. नकाशावर हे साधे वाटते. परंतु त्या डोंगरांत राखीव वनापासून एक मैलापेक्षा दूर अशी गावे होतीच किती? नियमाने जाळणी मर्यादित केली नाही, ती जवळपास बंदच केली.

१६/
या बदलांचा आगीवर काय परिणाम होणार होता, ते तिसऱ्या-चौथ्या पोस्टमधल्या गणिताने तपासून पाहा. चराईवर मर्यादा आल्या, म्हणजे गवत उभे राहून वाळणार. हंगामी जाळणी थांबली, म्हणजे पिरूल साचणार. लीसा काढण्यासाठी खोडांवर केलेल्या जखमा राळेने माखलेल्या, म्हणजे जमिनीवरची आग झाडावर चढायला सोपी जागा. आणि सर्वांत मोठा बदल : आग दिसताच धावत जाणारा माणूस आता ‘ते सरकारचे रान’ म्हणू लागला. इंधन वाढले आणि रखवालदार घटले, दोन्ही एकाच वेळी.

१७/
पहिली ठिणगी १९१६ सालीच पडली. त्या वर्षी कुमाऊँच्या राखीव वनांत मोठ्या आगी लागल्या आणि वनखात्याच्या कागदांत त्यांची नोंद दुष्ट हेतूने लावलेल्या आगी अशी झाली. या शब्दयोजनेकडे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी थांबून पाहिले पाहिजे. गवतासाठी लावलेली आग, निष्काळजीपणे पसरलेली आग आणि निषेधाची आग यांतील सीमारेषा सरकारी नोंदीत पुसली जाते. सरकारच्या लेखी हेतू एकच : गुन्हा. गावकऱ्यांच्या लेखी मात्र तो हक्काचा जुना व्यवहार असू शकत होता.

१८/
त्यात बेगारीची भर पडली. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचे सामान गावकऱ्यांनी सक्तीने वाहायचे, या प्रथेला तिथे ‘कुली उतार’ म्हणत. वनखाते वाढले तसे दौरे वाढले आणि ओझेही. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे आदींच्या नेतृत्वाखाली हजारोंनी बेगार न करण्याची शपथ घेतली आणि बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत बुडवल्या. असहकाराच्या देशव्यापी लाटेत पहाडाचा हा आपला स्वतंत्र सूर होता. ओझे नाकारणाऱ्या माणसांनी मग आग विझवण्याची सक्तीही नाकारली.

१९/
आणि मग आला तो उन्हाळा. हिवाळ्यातील अवर्षणाने रान आधीच वाळले होते. आगी लागल्या; काही निश्चितपणे लावल्या गेल्या. गावकरी विझवायला आले नाहीत. खात्याची आग रोखण्याची सारी व्यवस्था त्या हंगामात कोलमडली. ज्या कायद्याने गावकऱ्याला आपल्याच रानात पाहुणा केले, त्याच कायद्यातील मदतीचे कलम आता निर्जीव ठरले. जाळरेषा, पहारेकरी, दंड सगळे कागदावर होते, पण डोंगरावर धावायला माणसे नव्हती. सक्तीने ओझे वाहून घेता येते, काही काळ. जीव धोक्यात घालून आग विझवून घेता येत नाही.

२०/
आता सुरुवातीच्या प्रश्नाची दोन उत्तरे. वनस्पतिशास्त्राचे उत्तर : पिरूल आणि राळ यांमुळे चीड सहज पेटतो, बांजाखालची ओल आगीला अडवते. राजकारणाचे उत्तर रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वुड्स’ (१९८९) या ग्रंथात दिले आहे. सरकारच्याच ताब्यातील रुंदपर्णी वनांना आंदोलकांनी हात लावला नाही. आगीचा रोख होता तो सरकारला पैसा मिळवून देणाऱ्या चिडावर. चारा, खत आणि पाणी देणारे रान लोकांनी वाचवले. रागातही त्यांना आपले-परके कळत होते.

२१/
ही दोन उत्तरे एकमेकांना खोडून काढत नाहीत. चिडाचे रान पेटायला सोपे होते, हे खरेच. परंतु ते इतके पेटण्यायोग्य झाले, यामागे धोरण होते. ते पेटवावेसे वाटले, यामागेही तेच धोरण होते. निसर्गाचा इतिहास आणि सत्तेचा इतिहास वेगवेगळ्या वह्यांत लिहिण्याची आपल्याला सवय आहे. १९२१ चा वणवा दोन्ही वह्या एकत्र वाचल्याशिवाय समजत नाही.

२२/
सरकार हादरले. त्याच वर्षी कमिशनर विंडम यांच्या अध्यक्षतेखाली कुमाऊँ वन-तक्रार समिती नेमली गेली. समितीने ठिकठिकाणी फिरून पाच हजारांहून अधिक साक्षी नोंदवल्या. तिचा निष्कर्ष सरकारी समितीच्या मानाने धीट होता : हे नियम काटेकोरपणे राबवू गेलो, तर दंगे आणि रक्तपात होईल. व्यापारी दृष्ट्या फारशी महत्त्वाची नसलेली वने वनखात्याकडून काढून महसूल खात्याकडे देण्यात आली आणि तिथल्या चराईवरचे निर्बंध सैल झाले. मोलाची लाकूडवने मात्र वनखात्यानेच ठेवली.

२३/
१९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले. गावाने निवडलेल्या पंचांनी आपल्या हद्दीतील रानाची चराई, गवतकापणी आणि पालातोड ठरवायची, मोडणाऱ्याला दंड करायचा. राज्याच्या कायद्याने मान्य केलेल्या सामूहिक वनव्यवस्थापनाच्या जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. अधिकार अपुरे होते, महसूल अधिकाऱ्यांची देखरेख होती, सर्व पंचायती सारख्या चांगल्या चालल्या असेही नाही. पण ज्या खात्याने माणसाला रानाबाहेर काढले होते, त्याच सरकारला माणूस परत आणावा लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

२४/
आगीबाबतही तसेच झाले. पुढील दशकांत चिडाच्या वनांत वनखात्याने स्वतःच नियंत्रित जाळणी स्वीकारली. उन्हाळ्याचा वणवा टाळण्यासाठी थंडीच्या दिवसांत पाचोळा थोडा थोडा जाळून टाकायचा. जे काम गावकऱ्याने केले तर गुन्हा होता, तेच खात्याच्या योजनेत आल्यावर शास्त्र झाले! आगीचे स्वरूप फारसे बदलले नाही. काडी कोणाच्या हातात, तेवढे बदलले.

२५/
मग निष्कर्ष असा काढायचा का, की गुरे सोडा आणि वणवे थांबवा? इथे कुमाऊँबाहेरचा एक दाखला सावध करतो. १९२४ मध्ये अमेरिकन वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांनी दक्षिण ॲरिझोनाबद्दल लिहिले. तिथे पूर्वी गवतातून वरचेवर हलक्या आगी जात. वसाहतकारांच्या अफाट गुरांनी गवत संपवले, आगी थांबल्या, पण मोकळ्या जमिनीवर झुडपे माजली आणि माती वाहून गेली. म्हणजे आग थांबली, ही नेहमी चांगलीच बातमी नसते. गवताची आग टाळून झुडपांचे दाट इंधन साचले, तर संकट फक्त पुढे ढकलले जाते.

२६/
आता दुसरा दाखला, स्पेनचा. अँडालुसिया प्रांतात गेली सुमारे दोन दशके सरकार मेंढपाळांशी करार करते. रानातील जाळरेषांवर त्यांनी आपली जनावरे चारायची. झुडपे-गवत किती कमी झाले, याची पाहणी होते आणि त्यानुसार मोबदला मिळतो. इथे चराई मोकाट नाही. जागा ठरलेली, हंगाम ठरलेला, जबाबदारी ठरलेली. आणि मेंढपाळ हा घुसखोर नाही, तो कामावरचा माणूस आहे. ॲरिझोना आणि अँडालुसिया यांत फरक जनावराचा नाही, व्यवस्थेचा आहे.

२७/
आणि आजचे कुमाऊँ-गढवाल? २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातील एक हजाराहून अधिक गावे निर्जन नोंदली गेली. माणूस उतरून शहरात गेला, गोठा रिकामा झाला, पिरूल रानातच राहू लागले. २०१६ च्या वणव्यांत हेलिकॉप्टरने भीमतालचे पाणी उचलून डोंगरांवर ओतावे लागले. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळून मृत्युमुखी पडले. वाळलेले डोंगर आणि तापते हवामान यांचा यात मोठा वाटा आहेच. पण रिकाम्या गोठ्याचाही आहे.

२८/
त्याच २०२४ च्या मे महिन्यात राज्य सरकारने रानातून पिरूल गोळा करून आणणाऱ्यास किलोमागे ५० रुपये देण्याची घोषणा केली. योजना स्वागतार्ह आहे. पण इतिहासाच्या नजरेने पाहिले, तर त्यातला उपरोध दिसतो. हेच पिरूल एकेकाळी बायकांच्या डोक्यावरून विनामूल्य गोठ्यात जात होते. (‘विनामूल्य’ हा शब्दही जपूनच वापरावा, त्या श्रमाचा मोबदला कोणी मोजला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.) व्यवस्था मोडायला एक अधिसूचना पुरली होती, ती पुन्हा उभी करायला आज किलोचा भाव लावावा लागतो.

२९/
शेवटचा दाखला आपल्या घरचा, कारण तो वरच्या निष्कर्षाची कसोटी पाहतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने आपल्या डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. म्हणजे कुमाऊँमध्ये जिच्यावरून रान पेटले, तीच बंदी! मग इथे ती का टिकली? कारण ती ग्रामसभेने ठरवली, आणि चराई बंद करताना विळा बंद केला नाही. गवत कापून घरी नेण्याची वाट मोकळी राहिली. गुरे गोठ्यात, गवतही गोठ्यात, आणि डोंगरावर लक्ष ठेवायला अख्खे गाव.

३०/
म्हणून ‘चराई की चराईबंदी’ हा प्रश्नच अपुरा वाटतो. जनावर हे साधन आहे. विळा आणि थंडीतली लहान आगही साधनेच. कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात, कोणते साधन वापरायचे, हे तिथे राहणाऱ्याला ठरवता आले आणि त्याचा लाभ त्याला मिळाला, तर तो रानाचा राखणदार होतो. ते ठरवणे त्याच्याकडून काढून घेतले, तर फार तर तो नियम पाळणारा होतो, आणि १९२१ च्या उन्हाळ्यात दिसले तसा, नियम पाळणाराही राहत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा आणि रान राखण्याचा सामूहिक हक्क मान्य केला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर वाचावे.

३१/
फेब्रुवारी-मार्च आला की सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर काळे पट्टे दिसू लागतात. पुढच्या ट्रेकला असा डोंगर दिसला, तर ‘कोणी लावली?’ या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न विचारून पाहा. इथले गवत पूर्वी कोण कापत होते? गुरे कुठे चरत होती? आणि आज हे रान कोणाच्या नावावर आहे? गावातली वयस्कर मंडळी याची उत्तरे हमखास देतात, आणि कोणत्याही दप्तरखान्यात ती इतक्या सहज सापडत नाहीत. आपल्या भागातील गायरान, राब, कोंडवाडा किंवा जाळरेषेच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.